सहलीचे संमतीपत्र आणि घरातील दोन मते

दिवाळीची सुट्टी संपून शाळेचे दुसरे सत्र सुरू झाले की आठवी-नववीच्या वर्गांत सहलीची सूचना फिरते. मूल घरी येताना संमतीपत्राचा कागद घेऊन येते. त्यावर सहलीचे ठिकाण, निघण्याचा दिवस, परतीची वेळ, शुल्काची रक्कम, सोबत काय आणावे व काय आणू नये याची यादी आणि सर्वांत खाली पालकांच्या सहीसाठी सोडलेली जागा असते. याच सुमारास चातुर्मास संपलेला असतो. लग्नाचे मुहूर्त निघू लागतात आणि गावोगावच्या पंचकल्याणक प्रतिष्ठा महोत्सवांच्या पत्रिका घरी येऊ लागतात. शाळेचा कागद आणि भाऊबंदांची पत्रिका अशा रीतीने एकाच पंधरवड्यात घरात येतात. दोन्हींच्या तारखा एकमेकींवर पडल्या, की घरात दोन मते होतात. आई एक म्हणते, वडील दुसरे म्हणतात आणि मूल दोघांच्या तोंडाकडे पाहत राहते.

विषय वरवर किरकोळ वाटतो. तीन-चार दिवसांची सहल ती काय आणि तिच्यावरून होणारा वाद तो काय! परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला या निमित्ताने आपल्या घरात निर्णय कसा होतो हे प्रथमच जवळून दिसते. लहानपणी निर्णय त्याच्या नकळत झालेले असतात. आता ते त्याच्याविषयी आणि त्याच्यादेखत होत असतात. कोणाचा शब्द चालतो, कोणाला गप्प बसावे लागते, कोणती कारणे मोठ्याने सांगितली जातात आणि कोणती मनात ठेवली जातात, हे सारे ते टिपून ठेवते. सहल विसरली जाईल, पण हे विसरले जाणार नाही. म्हणून या वादाचा थोडा शांतपणे विचार करणे आवश्यक वाटते.

एक ओळखीचे घर

आपल्या सर्वांच्या ओळखीचे असे एक घर डोळ्यांसमोर आणू. सांगली जिल्ह्यातील शहरवजा गाव. वडील नोकरीला, आई घर सांभाळून शिवणकाम करणारी. मुलगी नववीत, धाकटा मुलगा सहावीत. शाळेने वेरूळ, देवगिरी, अजिंठा आणि पैठण अशी सहल ठरवली आहे. गुरुवारी रात्री निघायचे आणि सोमवारी पहाटे परतायचे. हे दिवस शाळा सहसा हलवू शकत नाही, कारण वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. शिवाय आठवड्याच्या अखेरीस गेल्याने शाळेचे कामाचे दिवस कमी बुडतात. मुलीने पहिल्याच दिवशी नाव दिले आहे. बसमध्ये कोणाशेजारी बसायचे हेही ठरले आहे.

आठ दिवसांनी मूळ गावाहून पत्रिका येते. तासाभराच्या अंतरावरील त्या गावी नव्या मंदिराची पंचकल्याणक प्रतिष्ठा आहे आणि सौधर्म इंद्राचा मान मुलीच्या थोरल्या काकांना मिळाला आहे. महोत्सव बुधवारी सुरू होऊन रविवारी संपणार. छप्पन कुमारिकांमध्ये घरच्या मुलीचे नाव काकूंनी आधीच देऊन टाकले आहे. गावात अशी प्रतिष्ठा एका पिढीत एखाद्या वेळीच होते. आजी तर म्हणते, "माझ्या डोळ्यांदेखत होतंय, हेच पुष्कळ."

आता वडील म्हणतात, "जाऊ दे तिला सहलीला. पुढच्या वर्षी दहावी आहे. मग कुठे जाणार?" आई म्हणते, "घरचं कार्य सोडून सहल? मुळीच नाही." ऐकणाऱ्याला वाटेल की वडील उदार आणि आई जुन्या वळणाची. मुलीलाही तसेच वाटते. ती बाबांच्या बाजूला होते आणि आईशी अबोला धरते. दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज थोडा जास्त होऊ लागतो.

येथवर गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र आईच्या नकाराचे कारण कोणी विचारलेले नाही.

उत्तर कोणी द्यायचे?

महोत्सवाच्या मांडवात पहिल्या दिवशी काय होईल ते आईला नेमके ठाऊक आहे. वडील पुरुषांच्या बाजूला धोतर-उपरणे सावरत पूजेत बसतील. त्यांना कोणी काही विचारणार नाही. विचारणाऱ्या साऱ्या बायका असतील आणि प्रश्न आईलाच असेल. सासूबाई विचारतील, मोठी जाऊ विचारेल, सांगलीहून आलेली नणंद विचारेल, "पोरगी कुठाय? घरचं कार्य टाकून सहलीला धाडलीस होय?" त्यावर ती काहीही बोलली तरी शेवटी 'आईचे वळण' हाच निष्कर्ष निघेल. वडिलांनी जो होकार सहज दिला, त्याचा जाब आईला द्यावा लागणार आहे.

आईवडिलांतील अशा मतभेदांच्या मुळाशी पुष्कळदा हीच गोष्ट असते. नकार देणारा पालक बहुधा कठोर नसतो. लोकांना उत्तर देण्याचा भार त्याच्यावर असतो एवढेच. हा भार नेहमी आईवरच असतो असेही नाही. मामाच्या मुलाचे लग्न असेल तर माहेरच्या माणसांसमोर आई मोकळी असते आणि सासुरवाडीतल्या मानापमानाची चिंता वडिलांना असते. दुकान असेल, लग्नसराईत माणूस कमी पडत असेल, तर 'मुलाने या आठवड्यात गल्ल्यावर बसावे' असे वडील म्हणतात, कारण गिऱ्हाइकाला उत्तर त्यांना द्यायचे असते. ज्याच्याकडे उत्तर देण्याचे काम नाही त्याला औदार्य परवडते.

हे ध्यानात आले की वादाचे स्वरूप बदलते. 'सहल मोठी की कुटुंब मोठे' या प्रश्नाला उत्तर नाही. दोन्ही बाजूंनी शंभर कारणे सांगता येतात आणि कोणीच कोणाला पटवू शकत नाही. 'जाब कोण देणार' या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. वरच्या घरात वडिलांनी एवढेच म्हणायला हवे होते, "मी स्वतः आधी दादाशी बोलतो. मांडवात कोणी विचारलं तर मी पाठवलीय म्हणून मीच सांगेन. तुला एक शब्द बोलावा लागणार नाही." असे म्हणून तसे करायलाही हवे. हा भार वाटून घेतल्यावर आईचा नकार उरतो का, हे मग पाहावे. कित्येक वेळा तो उरत नाही. उरलाच तर त्यामागे खरे कारण आहे असे समजावे आणि त्यावर विचार करावा.

पत्रिका उघडून पाहावी

या घरात आणखी एक गोष्ट राहून गेली. 'जायचे की नाही' यावर चार दिवस वाद झाला, पण महोत्सवाची पत्रिका उघडून दिवसवार कार्यक्रम कोणी पाहिला नव्हता. त्यात बुधवारी ध्वजारोहण आणि गर्भकल्याणक, गुरुवारी जन्मकल्याणक, शुक्रवारी दीक्षा, शनिवारी केवलज्ञान आणि रविवारी मोक्षकल्याणक असा क्रम आहे. तीर्थंकरमातेच्या सेवेला असणाऱ्या कुमारिकांचे मुख्य काम गर्भकल्याणकाचे. सौधर्म इंद्राचा मोठा मान जन्मकल्याणकाच्या दिवशी, बालतीर्थंकरांना हत्तीवरून पांडुकशिलेकडे नेऊन एक हजार आठ कलशांनी अभिषेक करताना. म्हणजे मुलीचे काम बुधवारी आणि काकांचा मुख्य प्रसंग गुरुवारी दिवसा. सहलीची बस गुरुवारी रात्री सुटणार आणि गाव तासाभराच्या अंतरावर.

प्रत्येक वेळी तारखा इतक्या सोयीच्या नसतात, हे उघड आहे. परंतु वाद तत्त्वाचा झाला की माणसे तपशील पाहत नाहीत, हा अनुभव सर्वत्र येतो. 'कुटुंबासाठी वेळ' असे आपण मोघम म्हणतो तेव्हा त्यात कामे किती, उपस्थिती किती आणि नुसती शोभा किती, हे वेगळे काढून पाहावे लागते. मुलीच्या हातून एखादी सेवा घडायची असेल तर तिथे तिचे असणे आवश्यक आहे. पाचही दिवस मांडवाच्या कोपऱ्यात मैत्रिणींचे फोटो पाहत, चेहरा पाडून बसलेली मुलगी मात्र ना धर्मात असते ना सहलीत. उपस्थिती आणि सहभाग यांत हा फरक आहे. आपल्याकडे पुजेला बसणाऱ्याला आधी संकल्प करावा लागतो, म्हणजे मनही तिथे बसवावे लागते. मुलांकडून आपण अपेक्षा करतो ती पुष्कळदा फक्त शरीराने बसण्याची.

सहलीत मुलाला काय मिळते?

वेरूळला चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्धांची, तेरा ते एकोणतीस हिंदूंची आणि तीस ते चौतीस जैनांची. जैन लेण्यांतील बत्तीसावे लेणे इंद्रसभा या नावाने प्रसिद्ध आहे. जवळच्या चारणाद्री डोंगरावर तेराव्या शतकातील भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. १९८३ मध्ये वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला. तीन परंपरांच्या शिल्पकारांनी एकाच डोंगरात, एकमेकांशेजारी केलेले हे काम पाहणे हा चौदा वर्षांच्या मुलासाठी इतिहासाचा उत्तम तास आहे.

तथापि सहलीची परवानगी मिळावी म्हणून तिला यात्रेचे रूप देऊ नये. 'तिथेही जैन लेणी आहेत, दर्शन होईल' असे आजीला सांगून मुलीला पाठवणे सोपे असते. पण सहल गोव्याच्या किनाऱ्याची किंवा एखाद्या विज्ञान केंद्राची असती तर काय केले असते? सहलीचे मोल ठिकाणावर थोडे आणि घराबाहेर राहण्यावर अधिक असते. आपली पिशवी आपण भरणे, मिळालेले पैसे चार दिवस पुरवणे, हरवलेली पाण्याची बाटली शोधणे, न आवडणाऱ्या मुलीशेजारी झोपावे लागणे, शिक्षकांना वर्गाबाहेर माणूस म्हणून पाहणे, हे घरात शिकवता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शिकण्याची कल्पना मांडली आहे. शाळेबाहेरचे शिकणे हे शिकण्याचाच भाग आहे, असा त्यामागचा विचार आहे.

आपल्या घरातील मुलांसाठी यात आणखी एक धडा असतो. जी मुले सूर्यास्तापूर्वी जेवतात, कंदमुळे खात नाहीत, त्यांना घरी यासाठी काही करावे लागत नाही, कारण घरचा स्वयंपाकच तसा असतो. सहलीत मात्र बस रात्री आठला मुक्कामी पोहोचते आणि ताटात बटाट्याची भाजी येते. आईने दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि चुरमुरे पिशवीत असतात. सायंकाळी बस थांबली असताना ते काढून खायचे की मैत्रिणींबरोबर रात्री जेवायचे, हे मुलगी स्वतः ठरवते. कोणी पाहत नसताना पाळलेला नियम हाच तिचा स्वतःचा नियम असतो. ती चुकेलही. पण घरी परतल्यावर 'काय खाल्लंस?' हा प्रश्न चौकशीच्या सुरात विचारला नाही, तर ती खरे सांगेल. मुलीने खरे सांगणे ही आईवडिलांची मोठी मिळकत असते.

सुरक्षिततेची चिंताही रास्त आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सहलीला गेलेले पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले, ती घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. सोबत शिक्षिका किती, मुक्काम कोठे, रात्रीचा प्रवास कोणत्या गाडीने, पाण्याजवळ नेणार का, संपर्क कोणाशी साधायचा, हे प्रश्न शाळेला अवश्य विचारावेत. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर नकार द्यावा, पण मग नकाराचे कारण सुरक्षितता हेच सांगावे. भीती सहलीची असताना कारण प्रतिष्ठेचे सांगितले, तर मुलाच्या मनात राग धर्मकार्याविषयी निर्माण होतो आणि त्याची गरज नव्हती.

परंपरा काय सांगते?

'आपल्यात मुलांना असे बाहेर पाठवत नाहीत' हे वाक्य अजूनही ऐकू येते. आपला इतिहास मात्र वेगळे सांगतो. १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली आणि पुढे कोल्हापूर, सांगलीसारख्या ठिकाणी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातील शेतकरी कुटुंबांनी आपली मुले तिथे ठेवली. १९१८ मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला आणि १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबलीचे गुरुकुल. सोलापूरच्या श्राविकाश्रमात तर मुली आणि तरुण विधवा घर सोडून शिकायला राहिल्या. सुमतीबाई शहा यांचे तेथील कार्य महाराष्ट्राला परिचित आहे.

त्या मुलामुलींच्या घरी लग्ने होत नव्हती का? आजारपणे नव्हती का? सुगीचे दिवस नव्हते का? सारे होते. मूल वसतिगृहात असल्यामुळे ते कित्येक प्रसंगांना मुकले असेल. तरी पालकांनी त्यांना शिकू दिले, कारण शिक्षण हेही कुटुंबाचेच कार्य आहे असे त्या पिढीने मानले. त्या मानाने चार दिवसांची सहल ही फार लहान गोष्ट आहे. परंपरेचे नाव घ्यायचे असेल तर ते पूर्ण घ्यावे.

जेव्हा थांबणे योग्य असते

याचा अर्थ सहलीला नेहमी होकार द्यावा असा नाही. समजा, आजोबा शस्त्रक्रियेनंतर नुकतेच घरी आले आहेत. आई दिवसा त्यांच्याजवळ, वडील रात्रपाळीला. रात्री दोन वाजता आजोबांना उठवून बसवायला, पाणी द्यायला घरात दुसरे कोणी नाही. अशा वेळी पंधरा वर्षांच्या नातवाने सहल सोडली तर ती खरी मदत आहे. तिथे त्याच्यावाचून अडते. त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगावे, "तुझी गरज आहे. तू नसलास तर आम्हाला कठीण जाईल." घराला आपली गरज आहे हे ऐकणे मुलांना आवडते. त्यांना नकोसे वाटते ते केवळ लोक काय म्हणतील म्हणून थांबणे.

आणखी एक अवघड कारण असते, ते पैशांचे. दोन-तीन हजारांचे शुल्क, वर खर्चायला पैसे, नवे बूट, एखादी चांगली बॅग. त्याच महिन्यात आहेर द्यायचे असतात, गाडीचा हप्ता असतो. काही पालक मुलाजवळ हे बोलत नाहीत आणि काकांच्या लग्नाचे, मामाच्या वास्तुशांतीचे कारण पुढे करतात. मुलाला वाटते, नातेवाइकांमुळे आपली सहल हुकली. प्रत्यक्षात ती हुकली तंगीमुळे. चौदा वर्षांच्या मुलाला घरची आर्थिक स्थिती थोडक्यात, न रडता, न लाजता सांगता येते. 'यंदा जमत नाही, पुढच्या वर्षीसाठी दरमहा थोडे बाजूला ठेवू' हे वाक्य त्याच्या पचनी पडते. कर्तव्याच्या नावाखाली झाकलेली तंगी पुढे कधीतरी त्याच्या ध्यानात येते आणि मग कर्तव्याचे प्रत्येक आवाहन त्याला संशयास्पद वाटू लागते.

मुलगा आणि मुलगी

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. एकाच घरात मोठा भाऊ नववीत असताना बहिणीच्या साखरपुड्याच्या आठवड्यात सहलीला गेलेला असतो. 'मुलगाच तो, घरी राहून काय करणार?' असे तेव्हा सारे म्हणतात. तीन वर्षांनी धाकटी नववीत येते आणि घरी नुसते चुलतभावाच्या बारशाचे निमित्त असते. तिला मात्र थांबवले जाते, कारण पाहुण्यांना ताटे कोण वाढणार, लहान मुलांना कोण सांभाळणार? घरकार्यात मुलीचे असणे गृहीत असते आणि मुलाचे असणे ऐच्छिक.

मुली हा हिशेब बोलून दाखवत नाहीत, पण तो ठेवतात. पुढे त्यांच्या सासरच्या प्रत्येक कार्यात त्या राबतात तेव्हाही तो त्यांच्या मनात असतो. कुटुंबाचे ऋण खरे असेल तर ते भावावरही तेवढेच आहे. या वर्षी मुलीने सहल सोडावी असे ठरले, तर ताटे वाढायला तिचा भाऊही उभा राहील, हे त्याच बैठकीत ठरले पाहिजे. तसे ठरवण्याची तयारी नसेल तर मुलीला थांबवण्याचा आग्रह सोडून द्यावा.

दोन नय

आपल्या आचार्यांनी नयाचा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. वस्तूला अनेक बाजू असतात आणि प्रत्येक नय एका बाजूने तिच्याकडे पाहतो. तो आपल्या मर्यादेत खरा असतो. पण इतर नयांना खोटे ठरवू लागला की तोच दुर्नय होतो. प्रवचनात हे ऐकताना सारे मान डोलावतात, घरात सहलीवरून वाद झाला की मात्र हे कोणाला आठवत नाही. वडील पाहतात मुलीच्या वाढीकडे, आई पाहते नात्यांच्या विणीकडे. दोघांनाही एकेक बाजू दिसते आहे. 'तुला मुलीचं काहीच नाही' किंवा 'तुम्हाला घराण्याची लाजच नाही' असे म्हटले, की दोन्ही नय बिघडतात.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. पहिली, हा मतभेद आधी दोघांनी मुलाच्या अपरोक्ष बोलून घ्यावा. त्याला दूत करू नये. 'बाबांना विचार', 'आईला विचार' अशा फेऱ्या मारताना मूल एकच विद्या शिकते : कोणाकडे कधी जायचे. दुसरी, निर्णय झाल्यावर तो दोघांचा म्हणून सांगावा. 'माझी हरकत नव्हती, पण तुझी आई ऐकत नाही' असे म्हणणाऱ्या वडिलांनी स्वतःचे चांगुलपण वाचवलेले असते आणि आईला एकटे पाडलेले असते. तिसरी, निर्णयापूर्वी मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकावे. त्याला फक्त सहल हवी आहे, की मित्रांमध्ये मागे पडण्याची भीती आहे, की शुल्क भरून झाल्यावर नाव काढायची लाज वाटते आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

चौथी गोष्ट मुलाने करायची आहे. सहलीला जायचे ठरले तर काकांना ते त्याने स्वतः सांगावे, शक्य तर समोर जाऊन. "काका, मी बुधवारी आणि गुरुवारी आहे, रात्री सहलीला जाईन. त्याआधी काय काम असेल ते मला सांगा." पंधरा वर्षांच्या मुलीला हे बोलताना संकोच होईल. काका क्षणभर नाराजही होतील. पण मोठ्यांच्या नाराजीसमोर नम्रपणे उभे राहून खरे सांगणे हे वेरूळला जाण्याइतकेच मोठे शिक्षण आहे. ती पत्रिका वाटायला एक रविवार देईल, अक्षतांच्या पुड्या बांधायला बसेल, आजीच्या औषधांची पिशवी भरून ठेवेल. तिची सेवा मांडवातल्या दिवसांपुरती राहणार नाही.

संस्थांनीही थोडे पाहावे

सारा भार आईवडिलांवरच टाकणे न्याय्य नाही. शाळांनी सहलीचे दिवस जूनमध्येच कळवले तर निम्मे संघर्ष टळतील. आयत्या वेळी पंधरा दिवस आधी सूचना देऊन परतावा न मिळणारे शुल्क गोळा केले, की पालकांना विचार करायला अवधी राहत नाही. त्याचप्रमाणे महोत्सव समित्यांनी आणि लग्नघरांनी मुहूर्त धरताना शाळेच्या परीक्षा व सहलींचा काळ विचारात घ्यावा. मुलांनी धर्मकार्यात यावे अशी आपली इच्छा असेल, तर त्यांना येता येईल असे दिवस निवडणे हे आपले काम आहे. मांडवात त्यांना बसवून ठेवण्याऐवजी अन्नछत्र, पादत्राणे, पाणी, वृद्धांना ने-आण अशी नेमकी कामे नावानिशी दिली, तर 'मला जायलाच हवे' असे मूलच म्हणू लागेल. ज्याच्या नावावर काम असते त्याला आठवण करून द्यावी लागत नाही.

राहता राहिले मांडवातले प्रश्न. ते विचारणारे आपणच असतो. "पोरगी दिसत नाही?" या प्रश्नात आपुलकी असू शकते आणि जाबही असू शकतो. येत्या लग्नसराईत एखाद्या वहिनीसोबत तिचे मूल दिसले नाही, तर तिला जाब विचारण्यापूर्वी आपण थांबू शकतो. 'सहलीला गेली का? कुठे गेली? बरं झालं' एवढेच आपण म्हटले, तर त्या आईच्या मनावरचे ओझे तिथेच उतरेल आणि पुढच्या वर्षी आणखी एखाद्या घरातील संमतीपत्रावर, भांडण न होता, वेळेत सही होईल.